‘आठवं पाऊल’ बंद करण्यास बेहडाटोल्याची हरकत

बेहडाटोल्यात टीव्हीवरच्या मालिकांचा बापूराव उंदीरवाडे यांच्याइतका कट्टर शत्रू दुसरा नव्हता, आणि दुपारी दीड वाजता लागणाऱ्या ‘आठवं पाऊल’ या मालिकेचा एकही भाग त्यांनी अकरा वर्षांत चुकवला नव्हता. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावतात, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी त्यावर ठराव मांडला असता.

ठरावाशिवाय बापूरावांचं पान हलत नसे. गाव धानोऱ्याच्या जंगलातलं. जंगलावर गावाचा हक्क मिळाल्यापासून बांबूपासून बोअरवेलपर्यंत सगळं ग्रामसभेत, गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात बसून ठरायचं. मतदान वगैरे भानगड नाही. सगळ्यांनी हो म्हटलं तर ठराव मंजूर, एकानंही नाही म्हटलं तर घोडं तिथंच अडलं. हे ठराव मांडायचे बापूरावांनी आणि लिहायचेही बापूरावांनी, कारण मॅट्रिकला दोनदा बसून का होईना ते पास झाले होते आणि ‘सबब’ हा शब्द कुठे टाकायचा ते त्यांना कळत होतं.

एकदा एका ठेकेदाराचा बांबू भरलेला ट्रक त्यांनी वेशीवर नुसता ठरावाचा कागद दाखवून थांबवला होता. ट्रकचं मागचं चाक आधीच बसलेलं होतं, पण तेवढा भाग ते सांगताना गाळत. गाळता गाळता तो त्यांच्याही आठवणीतून गेला आणि ग्रामसभेच्या ठरावापुढं थांबत नाही अशी वस्तू जगात नाही, अशी त्यांची पक्की समजूत झाली. ग्रामसभा बारा ते दोनच्या दरम्यान चालू ठेवायची नाही, असाही एक ठराव त्यांनी मंजूर करून घेतला होता. कारण म्हणून ऊन दाखवलं होतं. महिना डिसेंबरचा होता.

टीव्ही घरात आला तो लेकीमुळं. पिंकीनं वरोऱ्याहून तो पाठवला तोवर बापूराव भर सभेत दोनदा बोलून बसले होते, की मालिका म्हणजे डोक्याला लागलेली उधई, म्हणजे वाळवी. आता थुंकलेलं गिळणार कसं? म्हणून त्यांनी अटी घातल्या. टीव्ही बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लागणार नाही, मागच्या भिंतीला लागेल. आवाज इतका बारीक राहील की रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाणार नाही. आणि ते स्वतः कदापि पाहणार नाहीत.

तिन्ही अटी त्यांनी पाळल्या. सत्यशीला, म्हणजे त्यांची बायको, गावच्या अंगणवाडीत सेविका होती. ती एकच्या सुमारास घरी यायची, जेवणं व्हायची आणि दीड वाजता ती टीव्हीसमोर बसायची. बापूराव दारात बसायचे, तोंड रस्त्याकडे, पाठ टीव्हीकडे, हातात सुरा आणि बांबू. येणाजाणाऱ्याला दिसावं की बापूभाऊ भरदुपारी काम करून राह्यले. अकरा वर्षांत त्यांनी तासलेल्या काड्यांतून एकही टोपली झाली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

अडचण एवढीच, की पाठ फिरवल्यानं दिसायचं नाही आणि स्वतःच घातलेल्या अटीमुळं ऐकूही यायचं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण सत्यशीलानं पहिल्याच आठवड्यात ती अडचण, न विचारता, दूर केली. ती बसल्या जागेवरून सांगत जायची.

“अवो, गार्गी आता खिडकीत उभी हाय.”

गार्गी ही मालिकेची नायिका. बापूराव काडी तासत विचारायचे, “काऊन?”

“नवरा मीटिंगले चालला. गार्गी म्हणते, मले बी येऊ द्या, मले बी त्याच्यात काई सांगाचं हाय.”

“मंग?”

“तो म्हणते, तू कायले तरास घेतं, घरचं मत मी सांगून देतो.”

इथं बापूरावांचा सुरा थांबायचा. “काय माणूस हाय हा. त्या बाईले तोंड नाई का?”

“तोंड हाय,” सत्यशीला म्हणायची. “त्याले कान नाईत.”

“असल्या माणसाले सभेत पायच ठेवू देऊ नये.”

“तसंच वाटते मले बी.”

असं रोज. गार्गीच्या सासूनं वीस माणसांत तिला काय म्हटलं, माहेरची बोलावणी आली तेव्हा नवऱ्यानं कसं पंचांग उघडावं तसं सभांचं वेळापत्रक उघडलं, भाजीत मीठ जास्त झालं ते त्याला कळतं पण बायकोला ताप आहे ते कळत नाही, हे सगळं बापूरावांना पाठमोरं बसून तोंडपाठ झालं होतं. त्या नवऱ्याचा त्यांना इतका राग होता की एकदा रागाच्या भरात बोट कापून घेतलं. सत्यशीलानं हळद लावता लावता विचारलं, “त्याचा एवढा राग येते तुमाले?” ते म्हणाले, “येनारच ना. अन्याय आपल्याले पाहवत नाई.” मग जीभ चावून म्हणाले, “म्हणजे, आयकवत नाई.”

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सोमवारी दीड वाजता टीव्हीवर गार्गीऐवजी एक बाई आली आणि तेलाशिवाय अंडं तळून दाखवू लागली. तव्याची जाहिरात होती. ती संपेना. गावात एकच गोंधळ उडाला. सगळ्यांना वाटलं सिग्नलचा घोटाळा, म्हणून घरोघरचे पुरुष छपरांवर चढून डिशच्या छत्र्या फिरवायला लागले. गुणवंतराव, ज्यांचं किराणा दुकान दीड ते दोन ‘मालाची मोजदाद’ म्हणून बंद असायचं, ते तर शेजाऱ्याच्याही छपरावर चढले. बापूरावही चढले. खालून कुणी तरी विचारलं, भाऊ, तुमी काऊन? ते म्हणाले, कवेलू पाहून राह्यलो, पावसाळा येते. पावसाळ्याला साडेतीन महिने होते.

संध्याकाळी रीनानं मोबाईलवर पाहून खरं काय ते सांगितलं. रीना ही ठमाबाईची सून, गावात बातमी आधी तिच्या फोनवर यायची. मालिका बंद झाली होती. शुक्रवारचा भाग शेवटचा होता, फक्त तो शेवटचा आहे हे प्रेक्षकांना सांगायचं राहिलं होतं. दवाखान्याच्या दारावर गार्गीचा हात, तीनदा विजा कडाडल्या, आणि खाली बारीक अक्षरात ‘आभार’. बायांना वाटलं होतं, सणासुदीचे आभार मानत असतील.

ठमाबाईनं त्या रात्री चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी बोअरवेलवर तिनं चॅनलवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “अकरा वर्षं त्या पोरीले वाढवली आमी,” ती म्हणाली, “आन् यायनं तिले दारातच सोडून देली.” एका म्हातारीनं विचारलं, गार्गीच्या नावानं काही करायला पाहिजे का, म्हणजे तेरवी वगैरे. तर रीना म्हणाली, ती मेली नाही ना आजी, बंद झाली. दोन्हींत फरक काय, हे म्हातारीला शेवटपर्यंत पटलं नाही.

बापूराव हे सगळं ऐकून मान हलवत होते. लोक किती भाबडे असतात, असं त्यांनी गुणवंतरावांना बोलूनही दाखवलं. पण त्यांच्या घरी जे झालं होतं ते वेगळंच होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सत्यशीला गप्प झाली होती.

रागावली नव्हती, रुसली नव्हती. जेवण वाढायची, विचारलं तेवढं बोलायची. दीड वाजला की बापूराव सवयीनं दारात बसायचे, पाठ आत, बांबू हातात, आणि आतून काही यायचं नाही. पंखा तेवढा ऐकू यायचा. पहिले दोनतीन दिवस त्यांना वाटलं आपल्याला मालिकेची चुटपुट लागली आहे. मग त्यांनी लाजत लाजत का होईना स्वतःशी कबूल केलं, की मालिकेचं आपल्याला तसं काही नाही. आपल्याला ‘अवो’ ऐकायचं आहे. पन्नाशीपासून साठीपर्यंत बायको आपल्याशी रोज अर्धा तास बोलत होती, तो अर्धा तास कुणीतरी मुंबईत बसून बंद केला, आणि आपण बांबू तासतोय.

त्यांनी उपाय करून पाहिले. दुसरी मालिका लावून दिली. सत्यशीला म्हणाली, “मले त्यातलं कोनी वळखीचं नाई.” मग त्यांनी स्वतःच बोलायचं ठरवलं आणि तिला बांबूच्या निविदेबद्दल सगळं समजावून सांगितलं. ती “हो” म्हणाली. एका दुपारी त्यांनी बराच वेळ मनाची तयारी करून म्हटलं, “भाजी चांगली झाली.” तिनं चमकून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. माणसाची पत घरात एवढी असते, बापूरावांनी मनात म्हटलं, आणि आपण जंगल वाचवायला निघालो होतो.

आता राहिला होता एकच मार्ग, आणि तो त्यांच्या हातचा होता. रात्रीतून त्यांनी ठराव लिहून काढला. ग्रामसभेच्या हद्दीत अकरा वर्षं अखंड चालू असलेली मालिका ग्रामसभेला न विचारता बंद करण्यात आली. हद्दीतली कोणतीही चालू गोष्ट ग्रामसभेच्या संमतीशिवाय बंद करता येत नाही. सबब ही बंदी बेहडाटोल्यास मान्य नाही. लिहून झाल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला. कायद्यात कुठेही फट नव्हती. ट्रक थांबला होता, ही तर नुसती मालिका, आणि तीही चालू करायची होती, थांबवायची नव्हती.

सभा त्याच आठवड्यात होती. खरा विषय तेंदूपत्त्याचा, कारण तेंदूचा हंगाम तोंडावर आला होता. गोटुल भरलं. पुढं पुरुष, मागं बाया, अशी आपली बसायची पद्धत. त्या दिवशी सभा चालवायची पाळी वारलू पुंगाटी यांची होती. वारलूभाऊ सत्तरीचे, शांत माणूस, त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. त्यांनी ठरावाचा मथळा वाचला, कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, “बापूभाऊ, मांडा तुमीच.”

बापूराव उभे राहिले. पुढच्या रांगेत मधोमध त्यांची जागा ठरलेली होती. “मी काई ते मालिका पाहत नाई,” त्यांनी सुरुवात केली, “हे सर्वांले माहीत हाय. पण जनतेचा प्रश्न हाय.” मागून बायांनी माना डोलावल्या. गुणवंतराव म्हणाले, बराबर हाय. ठमाबाईनं डोळ्याला पदर लावला. इतका पाठिंबा बापूरावांना दारूबंदीच्या ठरावालाही मिळाला नव्हता. तिथंच थांबले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण भाषण चढायला लागलं की बापूरावांना उतरता येत नसे.

“मुद्दा मनोरंजनाचा नाई,” ते म्हणाले. “मुद्दा न्यायाचा हाय. ही गार्गी. अकरा वर्षांपासून नवऱ्याले म्हणून राह्यली, मले मीटिंगमंदी येऊ द्या, मले बोलू द्या. तो काय म्हणते? घरचं मत मी सांगून देतो. तिनं माहेरी जाऊ म्हटलं, तर हा म्हणते सभा हाय. तिले ताप आला, तर याले समजत नाई. आन् शेवटच्या आठवड्यात, खिडकीपाशी उभी राहून, भांडे धुता धुता, त्या बाईनं ठरवलं का आता या खेपेले मी सोताच उभी राहीन, सगळ्यायसमोर बोलीन. आन् तवाच यायनं मालिका बंद केली. मी इचारतो, ते बोलली का नाई बोलली? हे समजायचा हक्क या गावाले हाय का नाई?”

त्यांनी टाळ्यांसाठी जागा सोडली. टाळ्या आल्या नाहीत. मागं बाया एकमेकींकडे पाहत होत्या.

“बापूभाऊ,” ठमाबाई हळूच म्हणाली, “हे कोनत्या दिवशी दाखवलं?”

“मंगळवारी. नाई, बुधवारी.”

“बुधवारी तर गार्गी दुबईले होती.”

“आन् मीटिंग कायची?” रीना म्हणाली. “कंपनीची मालकीनच गार्गी हाय ना. सात वर्षं झाली. नवराच तिले इचारून मीटिंगमंदी येते.”

“तो नवरा तर लय चांगला हाय,” आणखी कुणी म्हणालं. “तिले साधी शिंक आली तरी डॉक्टर बोलावते.”

“गार्गी भांडे धुते?” गुणवंतरावांना राहवलं नाही. “तिच्या घरी चार नोकर हायेत. मी अकरा वर्षांत तिले भांडे धुताना पाह्यलं नाई.” मग दुकानाच्या मोजदादीचं बिंग फुटलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली बघायला लागले.

हसू आधी बायांत फुटलं, मग पुढं आलं. न पाहणारा माणूस अकरा वर्षं ऐकत होता, इथवर सगळ्यांना कळलं आणि तेवढ्यावर गाव खूष होतं. बापूराव मात्र हसण्याच्या पलीकडं गेले होते. खिडकीपाशी भांडी कोण धुतं? त्यांच्या घरात मोरी खिडकीखाली आहे. मीठ जास्त झालेलं कुणाला कळतं? सभांची यादी कोण उघडतं? ज्या नवऱ्याला त्यांनी अकरा वर्षं शिव्या मोजून दिल्या, ज्याला सभेत पाय ठेवू देऊ नये म्हणत होते, तो पुढच्या रांगेत मधोमध हातात कागद घेऊन उभा होता. एवढा मोठा गाढव आपल्या ओळखीत आहे आणि तो आपल्या इतक्या जवळ राहतो, हे त्यांना आज कळलं.

ते खाली बसले. वारलूभाऊंना यातलं काहीच उमगलं नव्हतं. त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, “ठराव मांडला. सर्वांले मंजूर?”

“मंजूर,” पुरुष म्हणाले. गार्गी दुबईला असो की मोरीवर, मालिका हवीच होती. “मंजूर,” बाया म्हणाल्या.

“मले मंजूर नाई.”

आवाज मागून, भिंतीजवळून आला. बापूरावांनी तो ओळखला, आणि ओळखूनही त्यांना पटेना, कारण या छपराखाली त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. सत्यशीला उभी होती. तीस वर्षं ती या सभांना येत होती. येऊन बसायची, आणि उंदीरवाड्यांच्या घरचं मत बापूराव सांगायचे.

सभेत एक नियम होता. कुणी नाही म्हटलं तर त्याचं कारण पूर्ण ऐकायचं आणि ते संपेपर्यंत ठराव मांडणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. तो नियमही बापूरावांच्याच अक्षरात होता. वारलूभाऊ म्हणाले, “सत्यशीलाबाई, कारन सांगा.”

बापूरावांना मागं वळल्याशिवाय ती दिसत नव्हती. ते आधी मान वळवून बसले, मग तसं जमेना म्हणून पुढच्या रांगेतून उठले आणि तिच्याकडे तोंड करून जमिनीवर बसले.

“हे दारात बसत, पाठ करून,” सत्यशीला म्हणाली. “सुरवातीले मी खरंच मालिकेतलं सांगो. मंग एक दिवस मले लय वाईट वाटून राह्यलं होतं, आन् यायले ते सांगाचं होतं. पण माह्या नावानं सांगतलं तर हे म्हणतीन, उद्या बोलू, आज सभा हाय. म्हणून मी म्हटलं, गार्गीले वाईट वाटून राह्यलं. तर यायनं सुरा ठेवला आन् इचारलं, काऊन? मले कवाच कोनी काऊन म्हणून इचारलं नव्हतं. मंग मी रोजच गार्गीचं सांगाले लागली. हे तिच्या बाजूनं भांडत. चांगलं भांडत. मले बरं वाटे.”

गोटुलात आता कुणी हसत नव्हतं. ठमाबाईनं पुन्हा पदर डोळ्याला लावला होता, या वेळी गार्गीसाठी नाही.

“मालिका बंद झाली तर मले समजेचना, आता कोनाच्या नावानं बोलू. इतके दिवस इचार करून राह्यली. तुमी ते मालिका परत आनली तर मी परत तिच्याच आड बसीन. मी आता साठीले आली. मले मंजूर नाई. बस.”

वारलूभाऊ म्हणाले, “बापूभाऊ, कारन झालं. आता तुमाले बोलता येते.”

बापूरावांकडे बोलायला नेहमी असायचं. सबब होती, अर्थात होतं, तथापि होतं. त्यांना माफी मागावीशी वाटली, पण तीसचाळीस माणसांत बायकोची माफी मागायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. एक मात्र त्यांना स्वच्छ कळत होतं: ज्यासाठी ठराव आणला होता ते ठराव पडून मिळालं होतं.

“ठराव मागं घेतो,” ते म्हणाले.

गुणवंतरावांनी एक सुस्कारा टाकला. वारलूभाऊंनी कागद बाजूला ठेवला आणि पुढचा विषय घेतला, तेंदूपत्ता. पानं मोजून घ्यायची जागा दरवर्षीप्रमाणं नाल्यापलीकडे, असं कागदावर आधीच लिहिलेलं होतं. बापूरावांनीच लिहिलेलं होतं, कारण व्यापाऱ्याची गाडी तिथवर येते. वारलूभाऊंनी विचारलं, “सर्वांचं इंगो?” इंगो म्हणजे गोंडीत हो.

सत्यशीला अजून उभीच होती. बापूरावांना वाटलं, ती बसायची विसरली.

“नाई,” ती म्हणाली. “त्याच्यात बी मले सांगाचं हाय. मोजनी नाल्याच्या अलीकडे पायजे. गाडी अलीकडे येत नाई म्हणता, तर रस्त्याले मुरूम टाका. डोक्यावर गठ्ठा घेऊन नाल्याच्या गोट्यायवरून बाया जाते. मागच्या साली लच्छूची माय पडली, तिचा पाय अजून सरळ नाई.”

“बराबर,” मागून चारसहा बाया एकदम म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांतल्या एकीनंही हे म्हटलं नव्हतं. नाला किती खोल आहे हे प्रत्येकीला माहीत होतं. बापूरावांना तो किती रुंद आहे एवढंच माहीत होतं, नकाशावरून.

वारलूभाऊंनी पुरुषांकडं पाहिलं. एकेक जण इंगो म्हणत गेला. गुणवंतराव म्हणाले. शेवटी बापूराव राहिले, आणि सगळे त्यांच्याकडं पाहायला लागले. कुणाला वाटलं, हा आता नाही म्हणणार, त्यानंच तर लिहिलेलं होतं.

“बापूभाऊ?” वारलूभाऊंनी विचारलं.

बापूराव जमिनीवर बसल्या बसल्या बायकोकडं पाहत होते. तिच्या उजव्या भुवईवर एक पांढरा केस होता. तो केव्हा आला, त्यांना माहीत नव्हतं.

“थांबा जरा,” ते म्हणाले. “तिचं झालं का नाई, ते पह्यले इचारा.”

“नाई झालं,” सत्यशीला म्हणाली.